बनवणाऱ्याचं नाव

१

त्या वर्षी घोडेगावात दुपारी एकला लाईट जायची आणि चारला यायची. सन दोन हजार सात. भारनियमनाचा कागद मीच आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या दारावर चिकटवला होता, त्यामुळे त्या वेळात एकही विद्यार्थी जिना चढायचा नाही. खाली कांतीलालशेठांचं खता-बियाण्यांचं दुकान. तेही शटर अर्धं ओढून गादीवर आडवे व्हायचे. वर सहा कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर आणि आम्ही दोघं नवरा-बायको.

इन्व्हर्टरवर दोनच मशीन चालायची, तीही पंखा बंद ठेवला तर. बाकी चारांच्या वायरी मी स्वतः काढून टेबलाखाली गुंडाळून ठेवायचो. डबा खाऊन झाला की इंद्रायणी खिडकीकडच्या मशीनवर बसायची, मी दाराकडच्या. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. मग तासभर आम्ही ‘जंगल’ खेळायचो.

खेळाची सीडी निजामभाईनं दिली होती. जुन्नरचा निजाम, आमची सगळी मशीनं त्यानंच जुळवलेली. सीडीवर मार्करनं ‘जंगल’ एवढंच लिहिलेलं. खरं नाव त्यालाही ठाऊक नव्हतं. एका अरण्यात तुम्हाला रिकाम्या हातानं सोडतात. लाकूड तोडायचं, खोप बांधायची, शिकार करायची, जनावरांपासून जीव वाचवायचा. एका वायरीवर जोडलेली माणसं एकाच अरण्यात भेटतात. आमचं अरण्य माझ्या मशीनमध्ये साठवलेलं होतं. माझं मशीन बंद केलं की तेही बंद.

त्यात सगळा जीव बाणांवर होता. काडी, पीस आणि टोक निवडून बाण बनवायचा. दगडी टोक सशाला पुरतं, पण एकदा मारलं की तुटतं. हरणाला हाडाचं, रानडुकराला लोखंडी. लांडग्यांसाठी चिंधी गुंडाळून राळेत बुडवलेला पेटता बाण. कोंबडीचं पीस लावलं तर बाण जवळच पडतो, घारीचं लावलं तर लांब जातो. आणि कुठल्याही बाणावर माऊस नेला की खाली बारीक इंग्रजी अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव उमटतं.

आमच्यात बाण इंदू बनवायची आणि शिकार मी करायचो. असं कुणी ठरवलं नव्हतं, तसं पडून गेलं होतं.

२

मी आतल्या आत जळणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. इंदू तळेघरची. शाळेसाठी रोज दीड तास चालत जाऊन शिकलेली. क्लास माझ्या नावावर, पण मुली खालूनच ‘मॅडम आहेत का’ विचारायच्या आणि मग जिना चढायच्या. एखादा मुलगा तिला जास्त शंका विचारायला लागला की मी त्याची बॅच बदलायचो. ती काही म्हणायची नाही. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि आमच्यात भांडण म्हणावं असंही काही नव्हतं. ती बोलायची आणि मी हं म्हणायचो.

मार्चमधल्या एका दुपारी ती पार्टिशनपलीकडून म्हणाली, “या बाणाचा आवाज लई होतो. हरीण मरायच्या आधी दचकतंय. बिनआवाजाचा असता तर बरं झालं असतं.”

मी हं म्हणालो. मी एका सशाच्या मागे होतो.

दुसऱ्या दिवशी खेळ सुरू केला आणि आमच्या खोपीतली लाकडी पेटी उघडली, तर आत तीन बाण जास्तीचे होते. काडी सरळ, टोक हाडाचं, आणि पीस तपकिरी, मऊ, कडेला झालर असलेलं. माऊस नेला. घुबडाचं पीस, उडताना आवाज होत नाही, असा खाली उमटलेल्या इंग्रजी मजकुराचा अर्थ होता. त्याच्या खाली बनवणाऱ्याच्या नावाची जागा. ती कोरी होती.

त्या अरण्यात आम्ही घुबड कधी पाहिलं नव्हतं.

इंदूनं ते केले असणार, असं मला वाटलं. माझ्यापासून लपवून ती काहीतरी शिकली, या विचारानं मी जळलो. तेवढ्यात पलीकडून तिचा आवाज आला.

“ऐकलंत व्हय तुमी,” ती म्हणाली. इतक्या हळू, की मला ती वेगळीच कुणी वाटली.

तिला वाटत होतं ते मी केले. मी खरं सांगू शकलो असतो. पण त्या आवाजात ती माझ्याशी किती वर्षांत बोलली नव्हती.

“हो,” मी म्हणालो. “मीच.”

३

त्यानंतरचे पंधरा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. इंदू डब्यात माझ्यासाठी वेगळी चटणी आणायला लागली. जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागली. सकाळच्या बॅचला मुलींना शिकवताना मध्येच गुणगुणायची. मी ते सगळं घेत होतो, आणि ते माझं नव्हतं.

कसं घडलं असेल याची मी अनेक उत्तरं काढली. खेळच कधीतरी आपणहून बक्षीस देत असेल. इंदूनं चुकून केले असतील आणि नाव उमटायचं राहिलं असेल. पण हरीण दचकतं हे ती तोंडानं बोलली होती, कुठं टाईप केलेलं नव्हतं. मशीनला माईक नव्हता. खोलीत माझ्याशिवाय ते ऐकायला कुणीच नव्हतं, आणि मी तर धड ऐकलंही नव्हतं.

इंदू भाकरी आणायला घरी गेली की मी एकटाच खेळ उघडून घुबड शोधायचो. ओढा, डोंगर, पलीकडची दरी. घुबड मिळालं नाही. मग मी तसाच बाण घारीच्या पिसाचा करून पाहिला. टोक वाकडं बसलं. तो मी पेटीत ठेवला. दुपारी इंदूनं तो न विचारताच बाजूला सारला. चूल पेटवायला उपयोगी पडेल म्हणाली.

आठवड्यानं ती जेवताना म्हणाली की खेळातल्या ओढ्याकडं जायला आता भ्या वाटतं, तिथं लांडगे फिरतात. मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं. या वेळी आपणच बाण करायचे असं ठरवलं. हात धुवून, तिच्या आधी जाऊन मशीन लावलं.

पेटीत बारा पेटते बाण होते. टोकं एका दिशेला, लहान-मोठे ओळीनं लावलेले, एखाद्या बाईनं शेगडीजवळ काडेपेटी हाताशी ठेवावी तसे. नावाची जागा कोरी.

त्याच दुपारी लांडग्यांचा कळप आला. बाराच्या बारा बाण लागले. एकही कमी पडला नाही, एकही उरला नाही.

“लई जीव लावता तुमी,” इंदू म्हणाली.

४

मी त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. ‘त्याची’ हा शब्द माझ्या मनात कधी आला ते मला कळलंच नाही. बाजाराच्या दिवशी इंदू खाली भाजी घ्यायला गेली होती. मी दार लावलं. लाईट गेलेली, पंखा थांबलेला. सहा मॉनिटरच्या काळ्या काचांत मी सहा ठिकाणी उभा दिसत होतो. लाज वाटत होती, तरी मोठ्यानं म्हणालो, “मलाही एक दे की.”

काही झालं नाही. रस्त्यावर एसटीनं हॉर्न दिला. मी हसलो.

दुसऱ्या दिवशी पेटीत एकच बाण होता. नुसती काडी. पीस नाही, टोक नाही. त्यावर माऊस नेला. बनवणाऱ्याच्या जागी या वेळी नाव होतं. चांगदेव. माझं.

मी तो बनवला नव्हता.

मग मी इंदूच्या भात्यातले जुने बाण पाहिले. घुबडाच्या पिसांचा एक अजून उरला होता. कालपर्यंत कोऱ्या असलेल्या जागी आता तेच नाव होतं. मी खोटं बोललो होतो, ते कुणीतरी खरं करून ठेवलं होतं. माझी चोरी लपवली होती की माझं नाव घेऊन टाकलं होतं, हे मला ठरवता येईना. पण एक समजलं. आता मी कबूल करायला गेलो असतो, तर पुरावा माझ्या विरोधात होता.

५

निजामभाईला मी बोलावून घेतलं. तो जुन्नरहून मोटरसायकलवर आला, इंदू सकाळच्या बॅचला शिकवत होती तोवर बाहेर चहा प्यायला, आणि लाईट गेल्यावर ती भाकरी आणायला घरी गेली तेव्हा त्यानं वर येऊन सगळं तपासलं. मी त्याला एवढंच सांगितलं की खेळात तिसरा कुणी शिरलाय असं वाटतं.

सगळ्या वायरी जिथं जुळतात त्या डबीवर जेवढी मशीन चालू तेवढे हिरवे दिवे लागतात. निजाम टेबलाखाली वाकून बराच वेळ पाहत होता.

“दोनच दिवे हायेत, चांगदेवभाऊ,” तो म्हणाला. “तिसरा यायला वाटच न्हाई. इंटरनेट न्हाई, फोनची लाईन न्हाई. खेळात आपोआप चालणारी माणसं बी न्हाईत, म्या सोता बघितलंय.”

मग बाण कोण करतं, असं मी विचारलं. तो उठला, गुडघे झटकले आणि इंदूच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं. त्याला काय वाटलं ते मला दिसलं. त्याला वाटलं मी बायकोवर संशय घेतोय, आणि घरचं भांडण मशीनवर काढतोय. त्यानं समजुतीच्या आवाजात सांगितलं की खेळ काढून टाकायचा असेल तर दोन मिनिटांचं काम आहे.

मी नको म्हणालो. खेळ गेला असता तर खांद्यावरचा हातही गेला असता.

६

मग मी दबा धरला. इंदूला म्हणालो, तू दरीपलीकडे लाकडं आण, मी खोपीजवळ थांबतो. माझ्याकडे लोखंडी टोकाचा, घारीच्या पिसाचा बाण होता, मी केलेल्यांतला सगळ्यात बरा. खोपीसमोरच्या झुडपात माझा माणूस बसवला आणि वाट पाहिली.

खोलीत इन्व्हर्टरची घरघर होती. पार्टिशनपलीकडे इंदूच्या माऊसचा आवाज, थांबून थांबून. खाली कांतीलालशेठांचं घोरणं.

खोपीचं दार उघडलं. कुणीतरी पाठमोरं बाहेर आलं. आमच्या माणसांसारखंच, तेच चामड्याचं जाकीट, हातात पिसांचा जुडगा. ते चुलीपाशी बसलं आणि एकेक पीस प्रकाशाकडे धरून निवडू लागलं. काही फेकून देत होतं. इंदू गवार निवडते तशी त्याची लकब होती. इतकं मन लावून मी तिच्यासाठी कधी काही निवडलं नव्हतं. मला त्या क्षणी भीती वाटली नाही. मला त्याचा राग आला.

मी बाण सोडला. तो त्याच्या पाठीत रुतला.

ते पडलं नाही. उठून वळायला लागलं, आणि त्याच्या डोक्यावर नाव दिसलं. चांगदेव. मी घाईनं माझ्या माणसाच्या डोक्यावर पाहिलं. एरवी माझं नाव असायचं, तिथं काहीच नव्हतं. तोंड दिसायच्या आत मी मॉनिटरचं बटण दाबलं.

पलीकडून इंदूनं विचारलं की कशावर सोडलात. मी म्हणालो, डुक्कर होतं.

दुसऱ्या दिवशी माझा लोखंडी बाण पेटीत परत आला होता. पुसलेला. वाकडं टोक सरळ केलेलं आणि फाटलेलं पीस बदललेलं.

७

एप्रिलमध्ये मला परीक्षेच्या फॉर्मसाठी मंचरला जावं लागलं. संध्याकाळपर्यंत येईन असं इंदूला सांगितलं होतं. काम लवकर झालं आणि अडीचला मी घोडेगावात उतरलो.

कांतीलालशेठ जागे होते. मला रस्त्यावरून येताना पाहून ते चष्मा लावून बघत राहिले. “तू बाहेर होतास?” त्यांनी विचारलं. “मला वाटलं वर आहेस. मघापासून दोन खुर्च्या सरकतायत.”

मी चपला खालीच काढल्या. जिना लाकडी होता, कडेनं पाय ठेवत चढलो. निम्म्यावर आलो तेव्हा ऐकू आलं. दोन माऊस. एक इंदूचा, थांबून थांबून. दुसरा सलग, शांत, माझ्या हाताला कधीच जमला नाही असा. मध्येच इंदू काहीतरी म्हणाली आणि हसली. ते हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या पायरीवर मला वाटलं की आत माणूस असावा. देवा, एखादा माणूसच असू दे, हाडामांसाचा, म्हणजे मला त्याची कॉलर धरता येईल.

मी दार ढकललं.

इंदू तिच्या जागी होती. एकटी. माझं मशीन चालू होतं. माझी रेक्झिनची खुर्ची टेबलापाशी ओढलेली होती, आणि तिची गादी मधोमध खोल दबलेली होती. मी बघत असताना ती हळूहळू वर आली. आतली हवा भरल्याचा बारीक आवाज झाला, कुणी नुकतंच उठल्यावर होतो तसा. मग गादी सपाट झाली.

इंदू माझ्याकडे पाहत होती. ती दचकली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर, नको त्या वेळी पाव्हणा आल्यावर असतं, तेवढंच होतं.

८

मी दारातच बोललो. आता थांबलो तर कधीच बोलणार नाही हे मला कळत होतं.

“ते बाण मी केले नव्हते, इंदू. एकही नाही.”

“म्हाईत हाय,” ती म्हणाली.

मी विचारलं, कधीपासून.

“पयल्या दिवसापासून. माझं बोलणं तुमाला कधी ऐकू गेलंय?” तिच्या आवाजात राग नव्हता. रोजची गोष्ट सांगावी तसं ती सांगत होती.

मग मी हो म्हणालो तेव्हा गप्प का राहिलीस, असं मी विचारलं. तिनं उत्तर द्यायच्या आधी माझ्या खुर्चीच्या मागे, भिंतीकडे, जरा वर पाहिलं. उभ्या माणसाच्या तोंडाकडे पाहावं तेवढ्या उंचीवर.

“मी बोलणार व्हते. ते म्हणाले, राहू दे. घेऊ दे त्यांना नाव.”

पंधरा दिवस तो हात माझ्या खांद्यावर होता आणि त्यातला एकही दिवस माझा नव्हता. तो कोण, कुठून आला, हे विचारायला हवं होतं. कुणीही शहाण्या माणसानं तेच विचारलं असतं. माझ्या तोंडून भलतंच निघालं.

“तो बोलतो तुझ्याशी?”

“कमी बोलतात,” इंदू म्हणाली. “ऐकतात लई.”

९

खेळ मी काढून टाकला नाही. एकदा सीडी हातात घेऊन उभा राहिलो होतो. इंदू कोपऱ्यातली तिची पिशवी उचलून त्यात वही आणि डबा भरायला लागली. तळेघरची शेवटची गाडी साडेपाचला असते. मी सीडी जागेवर ठेवली. तिनं डबा परत बाहेर काढला.

तेव्हापासून एक वाजला की मी खाली येतो आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसतो. कांतीलालशेठांनी विचारलं तेव्हा वर उकडतं म्हणून सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. ते आता दुपारी दुकानात झोपत नाहीत, घरी जातात.

वर दोन माऊस चालतात. इंदू बोलते. सुरुवातीला मी तो काय म्हणतो ते ऐकायला कान द्यायचो. त्याचा आवाज कधीच आला नाही. तिचाच येत राहिला, आणि मग मी तोच ऐकायला लागलो. तिला बी.एड. करायचं होतं, हे मला जिन्यावर कळलं. माझी आई गेली तेव्हा ती महिनाभर न्हाणीघरात रडायची, हेही. हे सगळं ती माझ्या बायकोच्या आवाजात दुसऱ्याला सांगत होती, आणि मी लोकांची पत्रं फोडून वाचणाऱ्यासारखा खाली बसलो होतो. घाबरायला पाहिजे होतं. मी जळत होतो. कुणी इतका वेळ इतकं ऐकूच कसं शकतं, एवढंच मनात येत होतं.

काल ती माझ्याबद्दल बोलली. हळू बोलत होती, पण रस्ता रिकामा होता. लोखंडी नको, म्हणाली. हाडाचं पण नको. मग बराच वेळ शांतता, जणू समोर एकेक टोक तिला दाखवलं जात होतं. मग ती म्हणाली, “हां, हे चालंल.” आणि माझं नाव घेतलं. आठ वर्षांत तिनं मला नावानं कधी हाक मारली नव्हती. खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज झाला, आणि कुणीतरी सावकाश, एकेक टिचकी मारत, बाण जुळवायला लागलं.

मी पायरीवरून उठलो नाही. माझ्यासाठी तिनं कुणाकडे तरी काहीतरी मागितलं होतं. हे आमच्या लग्नात पहिल्यांदाच घडत होतं.